हातापासून किती लांब

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. उघडलात तर वीतभर भरेन, मिटलात तर तळहातात मावेन. माझं पातं पोलादाचं आणि मूठ पितळेची. जन्मभर मी सुतळ्या कापल्या, गोण्या फाडल्या, जेवणाच्या सुट्टीत कांदे आणि पेरू चिरले. आणि एकदा एका माणसाचा हात कापला. तीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी माणसं मला रोज ठेवत कुठे होती ते सांगायला हवं. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? चाकू खिशात ठेवतात! मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं.

साकीनाक्याला एका गल्लीत पितळी नळांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, दोन गाळे एकत्र केलेले आणि वर एक पोटमाळा. ओतीव नळ गोण्यांतून टेम्पोने येतात. इथे त्यांना आटे पाडतात, घासून चकचकीत करतात आणि पुन्हा भरून पाठवतात. तिथे गुणाजीकाका फिटर होते. देवगडकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा पोराने हे काम धरलं. एकदा मोठ्या करवतीचं पातं मोडलं. मालक म्हणाला, भंगारात टाका. काकांनी त्याचा तुकडा उचलला, आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत घासला, धार लावली. वाकड्या निघालेल्या नळाचं पितळ कापून मूठ केली, मध्ये रिबेटीचा खिळा ठोकला, नखाने उघडता यावं म्हणून पात्याला खाच पाडली. मी पहिल्यांदा सुतळी कापली तेव्हा काका स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "बरो झालो हां."

काकांनी मला आधी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं. ते मशीनवर वाकले आणि मी तेलाच्या ट्रेमध्ये पडलो. मग पँटच्या मागच्या खिशात ठेवलं. दोन महिन्यांत खिसा फाटला आणि काकांच्या मांडीवर वळ उठला. शेवटी त्यांनी मला दोरीने करगोट्याला बांधलं आणि कमरेशी खोचलं. मला बाहेर काढायचं म्हणजे सदरा वर करा, दोरी ओढा, गाठ सैल करा. माणसं थट्टा करायची, "काका, तुमचा चाकू निघेपर्यंत सुतळी आपली आपणच सुटते!" काका म्हणायचे, "माका खंय घाई आसा?" त्यांच्या कमरेला मी पंचवीस वर्षं काढली. त्या पंचवीस वर्षांत माझ्यामुळे कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही.

मग काकांचे हात थरथरू लागले. एके दिवशी त्यांनी दोरी सोडली आणि मला भीमराजच्या हातात ठेवलं.

भीमराज माल उतरवायचा आणि भरायचा. वय चाळिशीच्या आतलं, अंगाने आडवा, आवाज मोठा. त्याचे आजोबा फलटणकडून मुंबईला आले. आता तो आणि त्याची बायको सपना वाकोल्यात राहतात. सपना एका शिंप्याच्या दुकानात ब्लाउज शिवते. भीमराज मनाने चांगला. गाळ्यातल्या कुणाच्याही घरी आजारपण आलं की पहिला धावणारा हाच. काकांना तर बापाच्या जागी मानायचा. फक्त त्याचा राग वाईट. यायचा तो दुधासारखा उतू यायचा, आणि गॅस बंद करायला कुणी हजर नसायचं.

त्याने मला पँटच्या उजव्या पुढच्या खिशात ठेवलं. डाव्या खिशात मोबाईल, मागे पाकीट, सदऱ्याच्या खिशात पेन आणि चिठ्ठ्या. उजवा खिसा माझा. सपना कुरकुरायची.

"अरे, बॅगेत टाक ना त्याला. दोन पँटींचे खिसे शिवलेत मी. परवा धुण्यात गेला तो, गंजेल ना यार."

"बॅग वर माळ्यावर असते, गोण्या खाली येतात," भीमराज म्हणायचा. "हात घातला की हातात आला पाहिजे."

मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? दिवसाला शंभरदा बाहेर यायचं. हात खिशात, नख खाचेत, खट्! गोणी फाटली की परत आत. पुढेपुढे तर भीमराजचे हात मला उघडताना त्याच्या डोक्याला विचारायचेही नाहीत. माणसं म्हणायची, "काय झकास चालतो रे तुझा हात!" मी फुशारून जायचो.

मग ती मार्चमधली दुपार आली. बारा वाजून गेले होते. सर्वेश टेम्पो घेऊन आला. सर्वेश गुणाजीकाकांच्याच वाडीतला. काकांनीच त्याला या धंद्यात चिकटवलं होतं. तिशीसुद्धा न आलेला, हसरा, पण एका हातात फोन कायम. गल्ली इतकी अरुंद की टेम्पो उलटा घ्यावा लागतो. काका मागे भिंतीशी उभे राहून हात दाखवत होते. सर्वेश फोनवर बोलत मागे येत होता.

"थांब... थांब रे... सर्वेश!"

टेम्पो थांबला नाही. आधी ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, मग काकांची किंकाळी. टेम्पोचा मागचा पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये काकांचा उजवा गुडघा चिरडला होता. लोकांनी बोंब मारली तेव्हा सर्वेशने टेम्पो पुढे घेतला आणि काका भिंतीवरून घसरत खाली आले. पाय खाली नको त्या बाजूला वळला होता. फाटलेल्या पँटमधून हाड दिसत होतं.

भीमराजने केबिनचा दरवाजा उघडला आणि सर्वेशला गळपट्टी धरून रस्त्यावर ओढलं.

"फोनवर होतास तू! फोनवर!"

सर्वेश पांढराफटक पडला होता. घाबरलेला माणूस नको ते बोलून जातो. तो म्हणाला, "म्हातारा मागे कशाला उभा राहिला? मी काय करू?"

भीमराजने त्याच्या तोंडात मारली. एक, दोन, तीन. तिसऱ्या थपडेला सर्वेशचं डोकं टेम्पोच्या दारावर आपटलं आणि ओठ फुटला. त्याचा हात सीटखाली गेला आणि टायर खोलायची लोखंडी टॉमी घेऊन वर आला. पहिला फटका भीमराजच्या खांद्यावर बसला. दुसरा त्याने डोक्यावर उगारला.

हात खिशात. नख खाचेत. खट्.

मित्रांनो, मला विचार करता येत नाही. करता आला असता तरी वेळ नव्हता. सर्वेशने मला पाहिलं, टॉमी टाकली आणि तोंड झाकायला डावा हात पुढे केला. मी त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूने शिरलो आणि तळव्यापर्यंत आलो. सुतळी कापताना मला जसं जाणवतं तसंच जाणवलं: आधी ताण, मग एकेक दोरा तटातट सुटत जाणं. त्या त्याच्या बोटांच्या शिरा होत्या. रक्त गरम होतं. ते माझ्या घडीत शिरलं, रिबेटीत शिरलं, भीमराजच्या बोटांत आलं आणि मूठ निसरडी झाली.

सर्वेश ओरडला नाही. आपल्या हाताकडे बघत म्हणाला, "बोटं हलत नाहीत. भीमराज, बोटं हलत नाहीत रे."

तेवढ्याने भीमराजचा राग उतरला. त्याने मला टाकून दिलं आणि स्वतःचा सदरा काढून सर्वेशच्या मनगटाला आवळून बांधला. दोघंही त्याच टेम्पोत बसले. टेम्पो दुसऱ्याच कुणी चालवला. काकांना मागच्या बाजूला गोण्यांवर निजवलं होतं. हॉस्पिटलच्या वाटेवर काकांनीच, दात आवळून, सगळ्यांना सांगितलं:

"हेचो हात पत्र्यान कापलो म्हणान सांगा. आणि माझो पाय जिन्यावरसून पडान मोडलो. पोलिसात गेलात तर दोघांचाय वाटोळा होतला. आयकलास मा?"

तसंच सांगितलं गेलं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारलं. पुन्हा पुन्हा तेच उत्तर मिळालं. काकांच्या पायात सळी घातली. कुबडी आली ती कायमची. सर्वेशच्या हाताला टाके पडले, ऑपरेशन झालं, पण डाव्या हाताची तीन बोटं आत मुडपली ती मुडपलीच. गिअर डाव्या हाताने टाकतात. त्याचं गाडी चालवणं सुटलं. तो आईकडे बोरिवलीला निघून गेला.

मला कुणीतरी गल्लीतून उचलून आणलं. भीमराजने मोरीत बसून मला साबणाने धुतलं, राखेने घासलं, परत धुतलं. फेकून द्यायला तो दोनदा दारापर्यंत गेला. पण मी काकांच्या हातचा होतो. शेवटी त्याने मला फडक्यात गुंडाळलं, माळ्यावरच्या आपल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलं आणि कुलूप लावलं. किल्ली डब्याच्या पिशवीत.

मी पेटीत पाच महिने होतो. खाली गोण्या उतरल्याचे धक्के मला जाणवत. भीमराज सुतळीच्या गाठी बोटांनी सोडायचा, नाही सुटली तर करवतीच्या तुटक्या पात्याने घासत बसायचा. मालक ओरडायचा. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आले. अंधारात पडल्यापडल्या मला वाटायचं, बरं झालं. इथून माझ्यामुळे कुणाचं काही वाईट होणार नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी खालून नेहमीचा घर्रर्र आवाज एकदम बदलला. पट्टा घासल्यासारखा झाला, आणि त्यावर बायकांचा आरडाओरडा.

पॉलिशच्या मशीनवर नीला काम करायची. पस्तिशीची, दोन मुलींची आई, जोराने हसणारी. रोज ओढणी कमरेला गाठ मारून बसायची. त्या दिवशी गाठ सुटली होती. ओढणीचं टोक फिरत्या दांड्यात गेलं आणि दांड्याने ती गुंडाळायला सुरुवात केली. बघता बघता नीलाचा गळा मशीनला टेकला. मेन स्विच कुणीतरी पाडला, दांडा थांबला, पण नायलॉनची ओढणी तारेसारखी तिच्या मानेत रुतून बसली होती. दांडा उलटा फिरेना. चौघं ओढत होते. ओढलं की फास आणखी बसत होता. कुणी करवतीचं पातं घेऊन घासू लागलं, ते ओढणीवरून घसरून तिच्या कानाखाली लागलं आणि रक्ताची धार लागली. नीलाचे पाय फरशीवर आपटत होते. एक चप्पल उडून गोण्यांपाशी पडली.

"चाकू! भीमराज, चाकू काढ!"

भीमराजचा हात उजव्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.

तो जिन्यावरून वर धावला. किल्ली पिशवीत, पिशवी खुंटीवर, किल्ली डब्याखाली. कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. फडकं सोडलं. माझी घडी गंजाने आवळलेली. नख उलटं झालं, नखातून रक्त आलं, तेव्हा मी उघडलो. तो खाली उतरला तेव्हा पायांचा आवाज थांबला होता.

मी गेलो तो मानेच्या कातडीला घासूनच. दुसरी जागाच नव्हती. पहिला घाव चालला नाही, गंज आडवा आला. दुसऱ्याला ओढणी तुटली. नीला खाली कोसळली. तोंड निळंकाळं, डोळ्यांत रक्त उतरलेलं. भीमराज तिच्या छातीवर दाब देत राहिला आणि एकाच शब्दाचा जप करत राहिला, "ये... ये... ये..." बऱ्याच वेळाने तिच्या घशातून खरवडल्यासारखा श्वास आला.

नीला वाचली. पण तिचा आवाज गेला तो पूर्ण परत आला नाही. आता ती बोलते ते वाळूवरून काहीतरी ओढल्यासारखं ऐकू येतं, आणि हसते तेव्हा तर आवाजच येत नाही. मालकाने मशीनला जाळी बसवली. दीड महिन्याने ती कामावर आली, तेव्हा पोटमाळा चढून भीमराजपाशी बसली.

"दादा, चाकू तर खिशात असायचा ना तुझ्या?"

भीमराजने तिला सगळं खरं सांगितलं. पत्र्याची गोष्ट खोटी होती हेसुद्धा; मार्चमधल्या त्या दिवशी ती कामावर नव्हती, तिच्या कानावर पत्राच आला होता. नीला ऐकत राहिली. मग मानेवरच्या काळ्या वळाला हात लावून म्हणाली, "तुझं बरोबर असेल. पण ती पेटी किती लांब होती, ते माझ्या गळ्याला विचार."

त्या रविवारी भीमराजने मला जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि सपनालाही सगळं सांगितलं. सपनाने ताट बाजूला सारलं.

"सहा महिने मला पत्रा सांगत होतास?"

"हो."

"बायकोला पण?"

"सांगितलं असतं तर तू ह्याला समुद्रात टाकलं असतंस."

"टाकलंच असतं. मग नीला मेली असती." ती उठली, खुंटीवरची त्याची पँट घेतली आणि त्याच्या अंगावर फेकली. "घाल. बघू कुठे ठेवायचा ते."

त्या दुपारी त्या दोघांनी मला सगळीकडे ठेवून पाहिलं. उजव्या खिशात. "नाही," सपना म्हणाली, "तिथे तुझा हात तुझ्याआधी पोचतो." पायमोज्यात. वाकेपर्यंत नीलाचा जीव गेला असता. सदऱ्याच्या आत, गळ्यात दोरीने. "तुलाच फास बसेल." बॅगेत तर नाहीच. शेवटी सपनाने जाड कॅनव्हासची एक पिशवी शिवली, पट्ट्यात ओवायची, डाव्या कमरेला, थोडी मागे. भीमराज उजव्या हाताचा. झाकणावर तिने एक सोडून दोन टिचबटणं लावली.

"दोन कशाला गं?"

"एक तुझ्यासाठी, एक समोरच्यासाठी. काढून दाखव."

त्याने काढलं. सपनाने मोजलं. एक, दोन, तीन, चार. "चार आकडे," ती म्हणाली. "माणूस वाचवायला पुरेसे आहेत. आणि तुझं डोकं ठिकाणावर यायलाही. रोज इथेच. रविवारीसुद्धा."

मला परत धार लागली, तेलपाणी झालं. मी रोज त्या पिशवीत जाऊ लागलो.

नोव्हेंबरात, रविवारीच, दुपारी चारच्या सुमाराला भीमराज आणि सपना बाजार करून वाकोल्यातल्या नाल्याकडेच्या रस्त्याने घरी चालले होते. एका बंद शटरपाशी तिघं उभे होते. मधला सर्वेश होता. त्याची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. उजव्या हातात लोखंडी सळी. डावा हात तसाच खाली लोंबत होता.

भीमराज म्हणाला, "सर्वेश, अरे..."

सळी त्याच्या कानावर बसली. तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली, तिसऱ्याने पाठीत. सपनाच्या हातातली पिशवी फाटली, कांदे रस्ताभर झाले. सळी पुन्हा आली ती तोंडावर. दोन दात ओठातून बाहेर आले आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त माझ्या पिशवीवर टपकू लागलं. लोक लांबून बघत होते. कुणी पुढे येत नव्हतं.

भीमराजचा उजवा हात डाव्या कमरेकडे आला. पहिलं बटण सुटलं. टक्.

मी आतून ऐकत होतो, मित्रांनो. मला माहीत होतं की दुसरं बटण सुटलं तर मी काय करणार. मला तेच येतं. त्याचं बोट दुसऱ्या बटणावर आलं आणि थांबलं. त्याच्या नजरेसमोर सर्वेशचा डावा हात होता. तीन बोटं मुडपलेली, अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरा चट्टा. बोट बटणावरून निघालं. त्याने दोन्ही हात जमिनीला टेकवले.

सर्वेशने ते पाहिलं आणि तो आणखी पिसाळला. "काढ ना! काढ! तेव्हा कसा काढलास? काढ!" प्रत्येक शब्दाला एक फटका. हातांवर, खांद्यावर, पाठीवर. भीमराजची दोन बोटं मोडल्याचं मला ऐकू आलं. सपनाने भीमराजच्या अंगावर उडी घेतली आणि ती आडवी पडून राहिली. सळी वर गेली. सर्वेशचा हात वरच थांबला. बाकीचे दोघं तेवढ्यात पळून गेले होते.

सर्वेश सळी टाकून फुटपाथवर बसला आणि हुंदके देऊ लागला.

"आई विचारते, पत्रा बघून नाही उचलला का रे? सासरे विचारतात, इतका कसा धांदरट? सगळे मलाच हसतात. मी कुणाला सांगू? गुणाकाकांनी तोंड बंद केलं माझं. माझा हात गेला आणि तो कुणी नेला ते पण मला बोलता येत नाही!"

भीमराज रक्त थुंकला. "ये इकडे," तो म्हणाला. पण सर्वेश उठून निघून गेला होता.

हॉस्पिटलात मी सपनाच्या पर्समध्ये होतो. भीमराजच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, एका कानाने ऐकू येत नव्हतं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तो म्हणाला, बोलता येत नाही, बरा झालो की स्वतः येतो. चौथ्या दिवशी गुणाजीकाका कुबडी टेकत आले. भीमराजने त्यांना सर्वेशचे शब्द जसेच्या तसे सांगितले. काका कॉटच्या दांड्याला धरून उभे राहिले.

"माका वाटला, दोघांकाय वाचयलंय," ते हळूच म्हणाले. "चुकलंय मी. सांग रे झिला, खरा काय ता सांग."

"जेल होईल," सपना म्हणाली.

"होईल," भीमराज म्हणाला.

"मी नाही अडवणार. फक्त मला सोबत ने."

दहा दिवसांनी, सकाळी, भीमराज आणि सपना पोलीस ठाण्याकडे निघाले. पट्ट्याला पिशवी होती, पण त्याने मला तिच्यात ठेवलं नाही. त्याने उजवा तळहात उघडा केला, त्यावर रुमाल पसरला आणि रुमालावर मला ठेवलं, मिटलेला. रस्ताभर तो हात पुढे धरून चालला, जसं माणूस काठोकाठ भरलेलं काही सांभाळून नेतो. इतक्या वर्षांत मला असं कुणी नेलं नव्हतं. उन्हात माझं पितळ चमकत होतं. येणारेजाणारे बघत होते.

हवालदाराने वर पाहिलं. "हे काय?"

"ह्याने मी एका माणसाचा हात कापला. मार्चमध्ये."

"आणि आता सांगायला आलास?"

"हो साहेब. उशीर झाला."

सर्वेशला बोलावून आणलं. तो दारातच थांबला. हवालदाराने मला टेबलावर ठेवून विचारलं, "हात कशाने कापला? रिपोर्टमध्ये पत्रा लिहिलंय."

सर्वेशने माझ्याकडे पाहिलं, मग भीमराजच्या पट्टी बांधलेल्या तोंडाकडे.

"चाकू," तो म्हणाला. आणि कुणी काही विचारायच्या आत पुढे म्हणाला, "आणि गुणाकाकांचा पाय जिन्यावरून नाही मोडला. मी मोडला. मी फोनवर होतो. याला पंधरा दिवसांपूर्वी सळीने मारलं तेही मीच. लिहा."

हवालदार दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने पेनाचं टोपण काढलं.

दोघांवरही केस झाली. दोघंही काही दिवस आत होते, मग जामिनावर सुटले. मला खाकी कागदात गुंडाळलं, लाखेचं सील लावलं आणि नंबर घालून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. माझ्या एका बाजूला कुणाची तरी फुटलेली बाटली आहे, दुसऱ्या बाजूला कोयता. आम्ही कुणीच कुणाशी बोलत नाही. माझं पातं आता पुन्हा गंजत असणार. कागदात कळत नाही.

मध्ये एकदा मला कोर्टात नेलं. बाहेर बाकावर हवालदाराच्या मांडीवर मी होतो. तारीख लांबली होती, सगळे दुपारपासून बसून होते. माझ्या शेजारी सर्वेशचा आवाज आला, कुणाकडे न बघता बोलल्यासारखा:

"झाकण उघडून दे. मला धरता येत नाही."

भीमराजच्या हातात पाण्याच्या बाटलीचं झाकण कडकड करून सुटलं. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात गेली. सर्वेश पाणी प्यायला.

मित्रांनो, मी चाकू आहे. मला सुतळी आणि शीर यांतला फरक कळत नाही. तो तुम्हाला कळतो. म्हणून उद्या माझ्यासारखा एखादा तुमच्याकडे आला, तर त्याला तेलपाणी करा, गंजू देऊ नका, कुलपात कोंडू नका. पण सकाळी घरातून निघताना क्षणभर थांबा आणि तो आपल्या हातापासून किती लांब आहे ते बघा. कुणाचा श्वास अडकला असेल तर मला लगेच उघडा. आणि तुमचा स्वतःचा हात रागाने माझ्याकडे येत असेल, तर माझी एवढी विनवणी ऐका: मला मिटलेलाच राहू द्या.